एचआयव्हीची कात्री कुठे कापायचं ते कशी ओळखते

टायरोसीन आणि प्रोलीनच्या मध्ये काप. ल्युसीन आणि अलानीनच्या मध्ये काप. मेथिओनीन-मेथिओनीन, अ‍ॅस्पराजीन-फेनिलअलानीन, फेनिलअलानीन-ल्युसीन, फेनिलअलानीन-टायरोसीन, फेनिलअलानीन-प्रोलीन, ल्युसीन-फेनिलअलानीन. एचआयव्ही-१ च्या प्रोटीएजला, म्हणजे प्रथिनाची साखळी कापणाऱ्या एन्झाइमला, अमिनो आम्लांच्या या सगळ्या जोड्या चालतात. यांच्यात समान काय ते अक्षरांवरून (एक अमिनो आम्ल म्हणजे साखळीतलं एक अक्षर) शोधायला बसलात तर हाती एवढंच लागेल की पाण्यापासून लांब राहणारी अमिनो आम्लं जास्त आहेत. तशी अमिनो आम्लं शेजारी-शेजारी असलेल्या जागा कुठल्याही प्रथिनात ढिगाने सापडतात आणि त्यातल्या बहुतेकांना हे एन्झाइम हातही लावत नाही.

ट्रिप्सिन या पचनाच्या एन्झाइमचं काम सोपं. लायसीन किंवा आर्जिनीन दिसलं की त्याच्या पुढे कापायचं. साखळी जिथे बसते त्या खिशाच्या तळाशी ऋण भार, येणाऱ्या साखळीवर धन भार, जमलं. एमएस्सीच्या पेपरात 'सब्स्ट्रेट स्पेसिफिसिटी' (एन्झाइम ज्यावर काम करतं तो रेणू म्हणजे सब्स्ट्रेट, त्याची निवड) म्हटलं की ट्रिप्सिनचं चित्र काढून आठ गुण मिळतात. एचआयव्ही प्रोटीएजचं चित्र काढायला गेलं की गाडी अडते, कारण या एन्झाइमला अक्षराशी फारसं देणंघेणं नाही. साखळी खिशात बसल्यावर एकूण जागा कशी व्यापते, यावर तिचं कापलं जाणं ठरतं.

आधी काम किती आहे ते पाहू. विषाणूचा नवा कण पेशीतून बाहेर पडतो तेव्हा त्यात गॅग नावाच्या लांब प्रथिनाचे साधारण २,४०० रेणू असतात. दर वीस गॅगमागे एखादा गॅग-पोल, म्हणजे सुमारे १२०, आणि प्रोटीएज या गॅग-पोलच्या पोटातच असतो. दोन प्रोटीएज एकत्र आल्याशिवाय एक कात्री होत नाही, म्हणजे कात्र्या फार तर साठ. प्रत्येक गॅगला पाच ठिकाणी कापायचं म्हटलं तर १२,००० काप झाले. कात्रीमागे दोनशे. तेही ठरलेल्या क्रमाने, कारण मॅट्रिक्स आणि कॅप्सिड हे गॅगचे तुकडे एकमेकांना चिकटलेले थोडे जरी रेणू राहिले, तरी सगळा कण निकामी होऊ शकतो.

आता कात्रीची रचना. एका साखळीत ९९ अमिनो आम्लं, वजन जेमतेम ११ किलोडाल्टन. अशा दोन तंतोतंत सारख्या साखळ्या समोरासमोर येतात. दोघींची टोकं, म्हणजे पहिली चार आणि शेवटची चार अमिनो आम्लं, एकमेकांत विणली जाऊन खाली चार पदरी पट्टा तयार होतो. जोडी टिकते ती मुख्यतः या विणीवर. मध्ये एक बोगदा. बोगद्याच्या तळाशी दोन्ही साखळ्यांचं २५ क्रमांकाचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल शेजारी-शेजारी असतं आणि त्या दोघांच्या मध्ये पाण्याचा एक रेणू. हेच पाणी दोन अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध तोडतं. पोटातलं पेप्सिनही याच घराण्यातलं, फक्त त्यात एकाच लांब साखळीचे दोन भाग हे काम करतात आणि वरची झडप एकच असते.

इथे झडपा दोन आहेत. प्रत्येक साखळीचा ४३ ते ५८ हा भाग लवचिक आहे आणि बोगद्याच्या छतासारखा वर झुकलेला आहे. खिसा रिकामा असताना झडपा अर्धवट उघड्या राहतात. साखळी आत आली की त्या मिटतात आणि टोकं सात अँगस्ट्रॉमपर्यंत (अणूंच्या मापाचं अंतर) सरकतात. मिटलेल्या झडपांची टोकं, म्हणजे दोन्ही बाजूंचं आयसोल्युसीन ५०, थेट सब्स्ट्रेटला धरत नाहीत. मध्ये आणखी एक पाण्याचा रेणू असतो. त्याला वरून दोन झडपा धरतात आणि खालून सब्स्ट्रेटच्या कण्याचे, म्हणजे साखळीच्या सलग धाग्याचे, दोन ऑक्सिजन. पेप्सिनमध्ये हे पाणी नाही. म्हणून १९९०च्या दशकात रसायनशास्त्रज्ञांनी या पाण्याचीच जागा घेणारे चक्रीय युरिया बनवले. कल्पना देखणी होती, पण औषध म्हणून बाजारात आलं नाही.

पुढे जाण्याआधी नावं ठरवून घेऊ. १९६७ साली शेश्टर आणि बर्गर यांनी रूढ केलेली पद्धत आजही चालते. काप जिथे पडतो त्याच्या डावीकडचं पहिलं अमिनो आम्ल पी१, मग पी२, पी३. उजवीकडे पी१ प्राइम, पी२ प्राइम. हे ज्या खिशात बसतात ते एस१, एस२ वगैरे. एचआयव्ही प्रोटीएजला नीट पकड यायला पी४ पासून पी३ प्राइमपर्यंत निदान सात अमिनो आम्लं लागतात. चार अमिनो आम्लांचा तुकडा देऊन 'एन्झाइम काम करत नाही' असं म्हणू नये.

आत आलेली साखळी ताणलेल्या दोरीसारखी सरळ होते. ग्लायसीन २७, अ‍ॅस्पार्टिक २९, अ‍ॅस्पार्टिक ३० आणि ग्लायसीन ४८ यांच्याकडून तिच्या कण्याला दोन्ही बाजूंनी हायड्रोजन बंधांची पकड मिळते. या बंधांतले बहुतेक कण्याचे कण्याशी आहेत, बाजूच्या शाखांचा त्यात वाटा कमी. कणा तर प्रत्येक प्रथिनाचा सारखाच असतो. म्हणजे ही पकड मजबूत आहे, पण निवडक नाही. निवड कुठे होते हा प्रश्न तसाच उरतो.

आणि एक चमत्कारिक गोष्ट. एन्झाइम पूर्ण सममित आहे, डावीकडे जे आहे तेच उजवीकडे. सब्स्ट्रेट मात्र कधीच सममित नाही. पी१ ला टायरोसीन असेल तर समोर प्रोलीन, पी२ ला अ‍ॅस्पराजीन तर समोर आयसोल्युसीन. दोन सारख्या तळव्यांमध्ये वेडावाकडा दगड धरायचा, असा हा मामला.

याचं उत्तर २००२ साली सेलिया शिफर यांच्या प्रयोगशाळेने दिलं. त्यांनी एन्झाइमचं २५ क्रमांकाचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल बदलून तिथे अ‍ॅस्पराजीन घातलं. मग एन्झाइम धरतं, पण कापत नाही. अशा बिनधारेच्या कात्रीत त्यांनी खऱ्या सहा कापजागांचे दहा-दहा अमिनो आम्लांचे तुकडे ठेवून स्फटिक केले, म्हणजे त्यांवरून रचना काढता येते. सहाही रचना एकमेकांवर ठेवल्यावर दिसलं ते असं: अक्षरं वेगळी, पण व्यापलेली जागा जवळपास एकच. एका तुकड्यात पी१ मोठं असेल तर पी३ अंग चोरून घेतं. दुसऱ्यात पी१ लहान असेल तर पी३ त्या दिशेला झुकतं. पी१ ते पी३ या बाजूच्या शाखा मिळून मेदूवड्याच्या गोल कड्यासारखा एक आकार तयार करतात, आणि तो सहाही तुकड्यांत जवळपास तसाच राहतो. बहुतेक सब्स्ट्रेटनी मिळून व्यापलेल्या या सामाईक जागेला 'सब्स्ट्रेट एन्व्हलप' म्हणतात. मराठीत लिफाफा म्हणता येईल, पण आम्हाला साचा हा शब्द जास्त पटतो.

कारण घरातला करंजीचा साचा नेमका असाच आहे. दोन सारखी अर्धुकं, मध्ये बिजागरी. सारण ओल्या नारळाचं असो की रवा-खोबऱ्याचं, साच्याला त्याचं काही नाही. सारण मावलं आणि कडा मिटल्या की करंजी झाली. एक चमचा सारण जास्त झालं तर कड मिटत नाही आणि तळताना सारण तेलात येतं. कड कुठे उघडी राहिली ते पाहिलं की सारण कुठे जास्त झालं ते कळतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, औषधांकडे आलो की लागेल.

साच्याच्या उपमेत एक गोष्ट मात्र बसत नाही. साच्याला पारी आणून द्यावी लागते. विषाणूत सब्स्ट्रेट स्वतः घडी घालून बसलेला असू शकतो, आणि मग आकार अचूक असूनही काप पडत नाही. कॅप्सिड आणि त्याच्यापुढच्या छोट्या एसपी१ तुकड्यातला काप याचं उत्तम उदाहरण आहे. ही जागा गॅगच्या जाळीत सहा-सहा सर्पिलांच्या मोळीत बांधलेली असते. प्रोटीएजला हवी ताणलेली दोरी, आणि इथे आहे गुंडाळलेली. मोळी क्षणभर सैल होईल तेव्हाच कात्रीला संधी. एसपी१ आणि त्यापुढच्या न्यूक्लिओकॅप्सिड या तुकड्यामधला काप सगळ्यात आधी पडतो, आणि हा मोळीतला काप त्याच्या तुलनेत सुमारे ४०० पट सावकाश. त्यामुळे कॅप्सिडचा शंकू शेवटी बांधला जातो, आतला माल आवरून झाल्यावर. बेव्हिरिमॅटसारखी रसायनं प्रोटीएजला शिवतही नाहीत, ती ही मोळी घट्ट करून ठेवतात. ओळख म्हणजे दोन गोष्टी धरा, खिशातला आकार आणि खिशापर्यंत पोहोचायची मोकळीक. नुसता खिसा पाहून अंदाज बांधणारे संगणकी प्रोग्राम इथेच फसतात.

स्वतः पाहायचं असेल तर

लॅपटॉप आणि तासभर वेळ पुरतो. रेणूंच्या रचना दाखवणारे पायमॉल किंवा कायमेराएक्स यांपैकी काहीही चालेल. प्रोटीन डेटा बँकेतून या सहा फायली उतरवा: १एफ७ए, १केजे४, १केजे७, १केजेएफ, १केजेजी, १केजेएच. फाइल उघडली की पहिल्यांदा साखळ्यांची नावं पाहा. दोन साखळ्या एन्झाइमच्या आणि तिसरी, छोटी, पेप्टाइडची, म्हणजे सब्स्ट्रेटच्या तुकड्याची.

इथे सवयीने होणारी पहिली चूक म्हणजे 'सगळं पाणी काढून टाका' ही आज्ञा. ती दिली की झडपांखालचं पाणीही जातं आणि पेप्टाइड वरून अधांतरी दिसायला लागतं. आयसोल्युसीन ५० पासून साडेतीन अँगस्ट्रॉमच्या आतलं पाणी ठेवा, बाकीचं काढा.

दुसरी चूक रचना एकमेकांवर ठेवताना होते. पूर्ण साखळी वापरून जुळवलं तर झडपांची हालचाल सगळ्या जुळणीला ओढते, आणि पेप्टाइडमधला फरक खरा की जुळणीतून आलेला ते कळत नाही. दोन्ही साखळ्यांचे फक्त १ ते ९ आणि ८६ ते ९९ हे भाग, आणि तेही अल्फा कार्बनच (प्रत्येक अमिनो आम्लाचा कण्यातला मधला कार्बन), धरून जुळवा. टोकांची वीण हा एन्झाइमचा सगळ्यात स्थिर भाग आहे.

तिसरी अडचण जरा चक्रावून टाकते. एन्झाइम सममित असल्याने कुठल्या अर्ध्याला ए म्हणायचं आणि कुठल्याला बी, हे फाइल करणाऱ्याच्या मर्जीवर असतं. जुळवल्यावर एखादं पेप्टाइड उलट्या दिशेने गेलेलं दिसलं तर तो शोध नव्हे. त्या फाइलच्या ए आणि बीची अदलाबदल करून पुन्हा जुळवा. काही फायलींत दुसऱ्या साखळीचे क्रमांक १०१ पासून सुरू होतात, तिथे दुसरं अ‍ॅस्पार्टिक २५ हे १२५ म्हणून सापडेल. काही स्फटिकांत फायलीत अर्धंच एन्झाइम असतं आणि आतला रेणू दोन दिशांनी निम्मा-निम्मा दाखवलेला असतो. तो तसाच दिसला तर एकावर एक छापलेल्या दोन चित्रांसारखा गोंधळ वाटतो. आधी सममितीची दुसरी बाजू तयार करून घ्या, मग एकच दिशा ठेवा.

हे निस्तरलं की सहाही पेप्टाइडना जाळीदार पृष्ठभाग द्या आणि एन्झाइम लपवा. वरून पाहिलं तर पी१ ते पी३ कडचं गोल कडं दिसेल, आणि प्राइम बाजूला आकार जरा जास्त पसरलेला. आता १एचएसजी ही फाइल त्याच पद्धतीने वर ठेवा. त्यात इंडिनाव्हिर हे औषध आहे. जाळीच्या बाहेर ते कुठे-कुठे डोकावतं ते पाहा, आणि त्या टोकापासून चार अँगस्ट्रॉमच्या आत एन्झाइमची कुठली अमिनो आम्लं आहेत ती लिहून काढा. व्हॅलीन ८२ आणि आयसोल्युसीन ८४ तुमच्या यादीत येतील.

याच दोन जागा इंडिनाव्हिर घेणाऱ्या रुग्णांच्या विषाणूत बदललेल्या सापडतात.

सारण बाहेर येतं तिथे

प्रोटीएज रोखणारं पहिलं औषध, सॅक्विनाव्हिर, अमेरिकेत डिसेंबर १९९५ मध्ये मंजूर झालं आणि इंडिनाव्हिर १९९६ मध्ये. खिसा भरा, जितके स्पर्श जास्त तितकी पकड पक्की, हे तेव्हाचं साधं तत्त्व. पकड खरंच पक्की झाली. पण औषध साच्याबाहेर जिथे जिथे टेकतं, तिथे सब्स्ट्रेट टेकत नाहीत. तिथलं अमिनो आम्ल बदललं तर औषधाचा आधार जातो आणि सब्स्ट्रेटचं फारसं बिघडत नाही. विषाणूला याहून स्वस्त सौदा मिळणार नाही. व्हॅलीन ८२ चं अलानीन झालं, म्हणजे व्ही८२ए, की तिथली भिंत मागे सरकते आणि औषध पोकळीत लोंबकळतं. बहुतेक सब्स्ट्रेट त्या भिंतीला मुळात फारसे टेकतच नव्हते. सॅक्विनाव्हिरचं टोक ग्लायसीन ४८ कडे जातं, म्हणून जी४८व्ही. नेल्फिनाव्हिर अ‍ॅस्पार्टिक ३० वर टेकतं, म्हणून डी३०एन.

हा सौदा अगदीच फुकट पडतो असंही नाही. न्यूक्लिओकॅप्सिड आणि गॅगच्याच पी१ नावाच्या तुकड्यामधली (हा पी१ वेगळा, कापाशेजारची पी१ जागा नव्हे) कापजागा मुळातच कच्ची आहे: आर्जिनीन, ग्लुटामिन, अलानीन, अ‍ॅस्पराजीन, मग काप, मग फेनिलअलानीन. पी२ ला इवलंसं अलानीन, पी१ ला अ‍ॅस्पराजीन. साच्यात ही जागा जेमतेम भरते. व्ही८२ए मुळे खिसा आणखी मोठा झाला की पहिला फटका हिलाच बसतो. मग विषाणू दुसरं टोक बदलतो: गॅगमधलं ४३१ क्रमांकाचं अलानीन जाऊन व्हॅलीन येतं. पी२ जरा जाड होतं, खिसा पुन्हा भरतो, काप सुरळीत. याच न्यायाने झडपेच्या टोकावर आय५०व्ही झालं की पी१-पी६ कापजागेवर एल४४९एफ सापडतो. कुलूप बदललं तशी किल्लीही घासून घेतली. म्हणून औषधरोधाची तपासणी करताना फक्त प्रोटीएजचा जनुक वाचणं अपुरं आहे. कापजागा वाचल्याशिवाय अर्धीच गोष्ट कळते, असं आमचं ठाम मत आहे, आणि नेहमीच्या तपासणीत त्या वाचल्या जात नाहीत ही आमची तक्रार.

दरुनाव्हिर २००६ मध्ये आलं. त्याचा बराचसा भाग साच्यातच राहतो. एका टोकाला असलेल्या जोडकड्यातले ऑक्सिजन अ‍ॅस्पार्टिक २९ आणि ३० च्या कण्याला धरतात. अमिनो आम्ल बदललं तरी कणा तिथेच राहतो, त्यामुळे हा आधार काढून घेणं विषाणूला जड जातं. पकड पिकोमोलार पातळीची, म्हणजे औषध अगदी नगण्य असलं तरी टिकणारी. दरुनाव्हिरलाही रोध येतो, पण एका बदलाने भागत नाही, बरेच बदल साठावे लागतात.

पुण्यात बसून हे वाचणाऱ्यांसाठी एक इशारा. भारतात एचआयव्ही-१ चा सी उपप्रकार पसरलेला आहे, तर स्फटिकरचना बहुतेक बी उपप्रकाराच्या आहेत, वरच्या सातही फायली धरून. सी मध्ये मेथिओनीन ३६ च्या जागी आयसोल्युसीन, आर्जिनीन ४१ च्या जागी लायसीन, हिस्टिडीन ६९ च्या जागी लायसीन, ल्युसीन ८९ च्या जागी मेथिओनीन आणि आयसोल्युसीन ९३ च्या जागी ल्युसीन नेहमी दिसतात. यातलं एकही खिशाला थेट टेकत नाही. ३६ झडपेच्या कोपराशी आहे, ८९ आणि ९३ गाभ्यात. म्हणून साच्याचा आकार तोच धरून चालता येतं, पण झडपा किती सहज उघडतात-मिटतात याचे बी वरून काढलेले आकडे सी ला डोळे झाकून लावू नयेत. भोसरीत १९९२ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था ज्या विषाणूंवर काम करत आली, ते मुख्यतः सी चेच. बी चा नमुना घेऊन रुग्णाच्या सी क्रमाचं मॉडेल बनवणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रबंधात ही ओळ लिहिलीच पाहिजे. परीक्षक हमखास विचारतात.

अक्षर वाचणारेही आहेत

सगळेच विषाणू असे आकारावर चालत नाहीत. कोव्हिडच्या विषाणूचा मुख्य प्रोटीएज ३०६ अमिनो आम्लांचा आहे. त्याच्या अकराही कापजागांवर पी१ ला ग्लुटामिनच असतं आणि पी२ ला बहुधा ल्युसीन. एस१ खिसा ग्लुटामिनच्या मापाने कोरलेला आहे. हिस्टिडीन १६३ त्याच्या शाखेतल्या ऑक्सिजनला धरतं, तर ग्लुटामिक १६६ आणि फेनिलअलानीन १४० चा कणा नायट्रोजनच्या बाजूला. गंमत म्हणजे ग्लुटामिक १६६ ला जागेवर ठेवायला शेजारच्या साखळीचं अगदी पहिलं सेरीन येऊन टेकतं. जोडी फुटली की हा खिसा ढासळतो, म्हणून एकटी साखळी काम करत नाही. निरमाट्रेल्व्हिर या कोव्हिडच्या औषधात ग्लुटामिनची नक्कल करणारं पाच बाजूंचं लॅक्टम कडं बसवलं आहे. १६६ वर व्हॅलीन आलं तर औषध सुटतं, पण एन्झाइमचं स्वतःचं कामही मंदावतं, कारण तोच अवयव सब्स्ट्रेटलाही हवा आहे. अक्षर वाचणाऱ्या एन्झाइममध्ये विषाणूला सौदा महाग पडतो तो असा.

डेंग्यूचा प्रोटीएज तिसऱ्याच तऱ्हेचा. पी१ आणि पी२ या दोन्ही जागी त्याला लायसीन-आर्जिनीनसारखी धन भाराची अमिनो आम्लं आवडतात. खिशावर ऋण भार इतका की त्यात बसणारं रसायन धन भाराचंच करावं लागतं, आणि तसं रसायन पेशीच्या पडद्यातून आत जात नाही. पावसाळा लागला की पुण्यात दरवर्षी डेंग्यूची चर्चा होते आणि 'औषध का नाही' असं विचारलं जातं. कारणं अनेक आहेत, त्यातलं एक हा उथळ, भारलेला खिसा.

प्रयोगशाळेच्या बाकावर काय बिघडतं

एचआयव्ही प्रोटीएज ई. कोलाय या जिवाणूत बनवला की बहुधा गाळ होऊन बसतो. गाळ धुऊन ५० टक्के अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवतात आणि मग बर्फावर ठेवलेल्या दहापट बफरमध्ये झटकन ओततात: ०.०५ मोलार सोडियम अ‍ॅसिटेट, पीएच ५.५, १० टक्के ग्लिसरॉल, ५ टक्के इथिलीन ग्लायकॉल, ५ मिलिमोलार डीटीटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन). थेंब-थेंब घातलं की मधल्या अवस्थेतले रेणू एकमेकांना चिकटतात आणि सगळं पांढरं होतं. शुद्ध झालेलं एन्झाइम बाहेर ठेवून जेवायला गेलात तर ते स्वतःलाच कापतं. मुख्य काप ५-६, ३३-३४ आणि ६३-६४ या जोडांवर. म्हणून क्यू७के, एल३३आय, एल६३आय हे बदल करून ठेवतात. सोबत ६७ आणि ९५ ची सिस्टीनं अलानीन केली तर ऑक्सिडेशनची कटकटही जाते. मूळ सिस्टीनं ठेवायची असतील तर डीटीटी त्याच दिवशी बनवलेलं हवं. ९५ नंबरचं सिस्टीन जोडीच्या विणीजवळ आहे, ते बिघडलं की कात्रीचे दोन पाय सुटे होतात.

मापनासाठी सगळीकडे मिळणारा चमकणारा सब्स्ट्रेट मॅट्रिक्स-कॅप्सिड कापजागेवर बेतलेला आहे: सेरीन-ग्लुटामिन-अ‍ॅस्पराजीन-टायरोसीन, काप, प्रोलीन-आयसोल्युसीन-व्हॅलीन-ग्लुटामिन. एका बाजूला ईडान्स हा चमकणारा रेणू, दुसऱ्या बाजूला ती चमक गिळणारं डॅबसिल. ३४० नॅनोमीटरला उत्तेजित करायचं, ४९० ला मोजायचं. बफर ०.१ मोलार अ‍ॅसिटेट, पीएच ५ च्या आसपास, १ मोलार मीठ. मीठ कमी केलं तर पकड सैल पडते आणि वेग घसरतो.

या सब्स्ट्रेटचा केएम (कमाल वेगाच्या निम्मा वेग देणारी मात्रा) सुमारे १०० मायक्रोमोलार आहे, आणि तेवढ्यात तो धड विरघळत नाही. शिवाय डॅबसिल न कापलेल्या रेणूंतही असतंच, ते कापलेल्यांची चमक शोषून घेतं. सब्स्ट्रेट वाढवावा तसा वेग वाढण्याऐवजी आलेख वाकतो आणि तो एन्झाइमच्या वेगाचा नेहमीचा, मायकेलिस-मेंटेनचा वक्र वाटतो. तो वक्र खोटा असतो. प्रत्येक सब्स्ट्रेट पातळीला थोडं मोकळं ईडान्स घालून चमक किती दबते ते मोजा आणि त्याने भागा. नाहीतर १० मायक्रोमोलारच्या खाली राहा आणि केकॅट (एक एन्झाइम सेकंदाला किती काप करतं) भागिले केएम एवढाच आकडा छापा. दोन्ही वेगळे करून दाखवायचा मोह टाळा.

तापमान ३७ अंशांवर लावायचं तर प्लेटही आधी १० मिनिटं आत ठेवून घ्या. डिसेंबरच्या सकाळी पुण्यातल्या बिनएसीच्या प्रयोगशाळेत बफर १५ अंशांवर असतो आणि एप्रिलच्या दुपारी ३५ वर. पहिल्या दोन मिनिटांचा वेग त्यामुळे ऋतूप्रमाणे बदलतो आणि दोन बॅचमधला फरक एन्झाइमच्या माथी मारला जातो.

एन्झाइम फार पातळ केलं तर जोडी सुटायला लागते. पीएच ५ ला काही नॅनोमोलारपर्यंत ती टिकते, पीएच ७ ला त्याआधीच सुटते. नळीच्या प्लास्टिकला चिकटून कमी होतं ते वेगळंच, त्यासाठी किंचित डिटर्जंट घालतात. म्हणून लोक १० नॅनोमोलार एन्झाइम घेतात, आणि मग दरुनाव्हिरची चाचणी करतात. १० नॅनोमोलार एन्झाइम निम्मं बंद करायला निदान ५ नॅनोमोलार औषध लागणारच, मग पकड पिकोमोलारची असो की त्याच्या शंभरपट सैल. दोन औषधं आलेखावर सारखीच दिसतात. तिथे आयसी५० चा (एन्झाइम निम्मं बंद करणाऱ्या मात्रेचा) आकडा न देता मॉरिसनच्या समीकरणाने केआय (औषधाची खरी पकड दाखवणारा आकडा) काढा, आणि समीकरणात एन्झाइमची मात्रा म्हणून बाटलीवरचा आकडा न घालता प्रत्यक्ष काम करणाऱ्या जोड्यांची मोजलेली मात्रा घाला. हे दोन आकडे क्वचितच जुळतात.